जुनी गाडी जुळवताना

श्रोते हो, आमच्या मिरजेत ‘जुळवणं’ हा शब्द दोन प्रकारच्या दुकानांत सारख्याच गांभीर्यानं वापरतात. एक सतारमेकरांची दुकानं आणि दुसरी गॅरेजं. पहिल्या ठिकाणी तंबोरा जुळवतात, दुसऱ्या ठिकाणी इंजिन. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळं पहिल्या दुकानात माझी ऊठबस असणं लोकांना नवल वाटत नाही. दुसऱ्या ठिकाणी मी गेलो की मात्र विचारतात, ‘तुमचं इथं काय काम?’ आज त्या दुसऱ्या ठिकाणाबद्दलच बोलणार आहे.

पण आधी तंबोऱ्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढं ती उपयोगी पडेल. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा वरचा पृष्ठभाग किंचित उतरता असतो. तार त्याला अगदी हलकी घासत राहते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. त्याला जवारी म्हणतात. वर्षानुवर्षं वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि आवाज बसतो. मग कारागीर कानस घेऊन तो पृष्ठभाग पुन्हा तयार करतो. मिरजेतली ही घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. तर मुद्दा असा, की जवारी नव्यानं लावली की आवाज उघडतो खरा, पण दर वेळी घोडी थोडी झिजते. कानशीनं काढलेलं परत भरता येत नाही. कारागिराला ते ठाऊक असतं, म्हणून तो जपून हात चालवतो.

आता गाडीकडे येऊ.

माझे थोरले बंधू, त्यांना आम्ही भाई म्हणतो, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवत. त्यांच्याकडे 1996 सालची मारुती एस्टीम आहे. एस्टीम आपल्याकडे 1994 साली आली. 1298 सीसीचं इंजिन, पासष्ट अश्वशक्ती आणि वजनाला हलकी. त्या काळी रॅली आणि शर्यतींत भाग घेणाऱ्या तरुणांना ही गाडी फार आवडायची, कारण थोड्या खर्चात तिच्यातून बरंच काही काढता येई. भाईंनीही काढलं. 1998 साली आमच्या मिस्त्रींनी हेड खाली करून कॉम्प्रेशन वाढवलं, व्हॉल्व्ह जास्त उघडतील अशी कॅम घातली आणि मूळचा कार्ब्युरेटर काढून त्या जागी दोन वेबर कार्ब्युरेटर बसवले. प्रत्येक वेबरला दोन नळ्या. म्हणजे चार सिलिंडर आणि प्रत्येकाला श्वास घ्यायला स्वतंत्र नळी. भाई बंदिस्त मैदानावरच्या स्पर्धांत ती चालवत. दोन-तीन कप अजून कपाटावर आहेत.

मग दुकान वाढलं, मुलं मोठी झाली, गाडी शेडमध्ये गेली. अधूनमधून सुरू करायचे, फिरवायचे नाहीत. गेल्या वर्षी भाई बासष्टचे झाले आणि त्यांनी मनावर घेतलं, की गाडी पुन्हा पूर्वीसारखी करायची. ‘पूर्वीसारखी’ हा शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला, की मिस्त्री शेवटी म्हणाले, “भाई, आधी आत्ता कशी हाय ते तर बघूया.”

मिस्त्रींचं वय सत्तरीच्या पुढं. त्यांच्याकडे जुन्या कामांच्या वह्या आहेत. 1998 च्या वहीत या गाडीचं एक पान निघालं. त्यावर लिहिलं होतं: मुख्य जेट 130, टायमिंग एकूण 34 अंश, फेरे 7000. भाईंना तो आकडा म्हणजे कुळाची सनद सापडल्यासारखा आनंद झाला. हेच आकडे पुन्हा लावायचे, गाडी पूर्वीसारखी होणार. सोपं आहे!

सोपं नव्हतं. का नव्हतं, तेच मला तुम्हांला सांगायचं आहे.

जुन्या गाडीचं काम निघालं की लोक प्रथम कार्ब्युरेटरला पेचकस लावतात. आमच्या मिस्त्रींचा नियम उलटा. कार्ब्युरेटरला हात सगळ्यांत शेवटी. त्यांनी आधी ब्रेकची रबरं, टायर आणि स्टिअरिंग बघितलं. वापर नसला तरी टायरचं रबर वयानं कडक होतं, नक्षी शाबूत दिसली तरी पकड गेलेली असते. टायर बदलले. मग व्हॉल्व्हची गॅप मोजली. मग चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टरवर इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. पहिला 178, दुसरा 175, तिसरा 148, चौथा 176. हे आकडे पीएसआयमधले. तिसरा पडला होता. मिस्त्रींनी त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं, तर 168. तेलामुळं दाब वाढला याचा अर्थ गळती रिंगांच्या बाजूनं आहे. व्हॉल्व्ह गळत असता तर तेल घालून फरक पडला नसता. एवढ्या साध्या युक्तीनं इंजिन न उघडता आतली गोष्ट कळते.

“मग बोअर करून टाकू,” भाई म्हणाले.

“कुठनं करणार?” मिस्त्रींनी वही पुढं केली. पूर्वी दोनदा बोअर झाला होता. पहिल्यांदा पाव मिलिमीटर, दुसऱ्यांदा अर्धा. त्यापुढच्या मापाचा पिस्टन कंपनीनं काढलेलाच नाही. “हा शेवटचा बोअर हाय, भाई. आता पिस्टन जळला तर ह्या ब्लॉकात कुंडीसारखी झाडं लावायची.”

मला तेव्हा तंबोऱ्याची घोडी आठवली. कानस लावायला आता फारसं काही उरलं नव्हतं.

दुसरी अडचण पेट्रोलची. श्रोते हो, 1998 साली आपण जे पेट्रोल भरत होतो ते आज मिळत नाही. त्या वेळच्या पेट्रोलमध्ये शिसं असे, ते देशभरातून 2000 साली गेलं. 2003 पासून काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. 2022 मध्ये ते प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर. आमच्या सांगली-कोल्हापूर भागाला याची मोठी गंमत वाटते. ज्या उसाच्या ट्रॉल्यांमागं आम्ही हिवाळाभर रांगेत उभे राहतो, त्याच उसाचा अंश शेवटी आमच्याच गाडीच्या टाकीत येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वेबर कार्ब्युरेटरला हे कोणी सांगितलेलं नाही.

नव्या गाडीत एक्झॉस्टमध्ये सेन्सर असतो. मिश्रण बदललं की तो संगणकाला कळवतो आणि संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. कार्ब्युरेटरला असं डोकं नाही. त्याच्याकडे आहे फक्त एक भोक. जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू आणि त्याला आरपार बारीक भोक. 130 चा जेट म्हणजे भोक 1.30 मिलिमीटरचं. त्यातून जेवढं जाईल तेवढं जाईल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं सुमारे 14.7 भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा भागच पुरते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन आठेक टक्के जास्त पाहिजे. जेट जुनाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, जोर लावला की इंजिन तापतं, आणि पातळ मिश्रणावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पळवलेल्या इंजिनाचा पिस्टन जळायला वेळ लागत नाही.

म्हणजे जी वही भाईंना सनद वाटत होती, तिच्यातला आकडा तंतोतंत पाळला असता तर तोच आकडा इंजिनाला खाऊन बसला असता. आकडा चूक नव्हता. तो 1998 च्या पेट्रोलला खरा होता.

इथेनॉलचं आणखी एक असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. मिस्त्रींनी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं बदलली. जुनी नळी वाकवली तर तिला वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या. गरम इंजिनावर असल्या नळीतून पेट्रोल ठिबकलं तर काय होईल, हे सांगायला नको.

यानंतर दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवायचं काम आलं. हे काम मी तास न् तास बघत बसलो. मिस्त्रींनी हातभर रबरी नळी घेतली. एक टोक कानाला, दुसरं पहिल्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. इंजिन संथ चालू. आत शिरणाऱ्या हवेचा ‘स्स्स’ असा आवाज येतो. मग दुसऱ्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडचा ‘स्स्स’ सारखा होईपर्यंत मधला स्क्रू केसभर फिरवायचा. एकाला हवा जास्त मिळाली तर दोन सिलिंडर ओढतात आणि दोन नुसते फरफटत जातात. यासाठी मोजायचं यंत्रही मिळतं. पण नळीवर ज्यांचा हात बसला आहे, त्यांचं काम यंत्रानं तपासलं तरी फारसा फरक निघत नाही.

आता पळवून बघायची वेळ आली. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली हेच पुन्हा ठामपणे सांगितलं आहे. तेव्हा भाईंची ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवत नाहीत. ती ट्रेलरवरून नेतात. एका ओळखीच्या गृहस्थांच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत चढाचा खासगी रस्ता आहे. परवानगी घेऊन आम्ही तिथं गेलो.

चढच का हवा? तर इंजिनावर ओझं पडलं की त्याचं खरं दुखणं बोलतं. भाई गाडी चालवायला, शेजारी मिस्त्री, मागं माझी पुतणी मांडीवर लॅपटॉप घेऊन. ती इंजिनिअरिंगला आहे. तिनं एक्झॉस्टमध्ये तात्पुरता सेन्सर बसवला होता. मिश्रण जळायला नेमकं पुरेल इतकं असलं की तो 1 दाखवतो. त्यापेक्षा जास्त म्हणजे पातळ, कमी म्हणजे दाट. पूर्ण जोरात असताना असल्या इंजिनाला दाट मिश्रण लागतं, पाऊण आणि एकच्या मध्ये, 0.88 च्या आसपास.

पहिल्या फेरीत, जुन्या जेटवर, आकडा आला 0.96. भाईंनी लगेच पाय काढला. पण त्याआधी एक गोष्ट घडली. पुतणी म्हणाली, “मिस्त्रीकाका, आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. गाडी खाली आणली. पुन्हा चढवली, थोड्या कमी जोरानं. पुन्हा ती म्हणाली, “आला.”

“मला न्हाई आला,” मिस्त्री म्हणाले.

तो आवाज नॉकिंगचा. सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधी, आपोआप भडकतं आणि आतला वायू घंटेसारखा कंप पावतो. किती उंच स्वरात, हे सिलिंडरच्या रुंदीवर ठरतं. या इंजिनाचं सिलिंडर 74 मिलिमीटरचं. त्याचा स्वर सेकंदाला सात-साडेसात हजार कंपनांच्या आसपास पडतो. आणि माणसाचा कान वयानं उतरू लागतो तो वरच्या स्वरांपासूनच. त्यातून ज्यानं आयुष्य इंजिनांच्या शेजारी काढलं त्याचा तर जास्तच. खालची घरघर, टॅपेटची टिकटिक, हवेचा ‘स्स्स’ हे सगळं मिस्त्रींना ऐकू येत होतं. पण पिस्टन जाळणारा तो एक आवाज त्यांच्या कानातून निघून गेला होता.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ज्यांच्या कानावर आख्ख्या पंचक्रोशीचा विश्वास, त्यांना हे कळण्याची ती घडी होती. त्यांनी रुमालानं हात पुसले आणि पुतणीला म्हणाले, “मग आता तू ऐकायचं आणि मी पाना फिरवायचा. आवाज आला की माझ्या खांद्यावर थाप मार.” एवढंच. ना खेद, ना ओढूनताणून विनोद. पुढचे दोन दिवस तसंच काम चाललं.

नॉकिंगचं कारण नुसतं पातळ मिश्रण नव्हतं. इथेनॉलमुळं तर पेट्रोलची नॉकिंग सोसण्याची ताकद उलट वाढते. मग आवाज का? टायमिंग लाइट लावल्यावर कळलं. डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन छोटी वजनं असतात, स्प्रिंगनं धरलेली. फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. सत्तावीस वर्षांत स्प्रिंगा सैल झाल्या होत्या. ठिणगीची जी आगाऊ वेळ सव्वातीन हजार फेऱ्यांना पूर्ण यायची, ती बावीसशेलाच येत होती. वहीत 34 अंश लिहिलेले, गाडीतही 34 अंशच, पण चुकीच्या घटकेला. आकडा जुळला म्हणजे गाडी जुळली असं नाही, हे मला तिथं कळलं.

स्प्रिंगा बदलल्या. जेट घातला 135 चा. हा आकडा पुतणीनं कागदावर काढला होता. भोकाचा व्यास चार टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं, आणि आठ टक्केच तर कमी पडत होते. चढावर आकडा आला 0.89. ती खूश. मिस्त्री म्हणाले, “आता 140 घाल.” तिनं विचारलं कशाला. “पलीकडचं बघितल्याबिगर मधलं कळत न्हाई.” 140 वर गाडी जड झाली, अडखळली, काळा धूर सोडला. पुन्हा 135. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

राहिला टायमिंगचा आणि फेऱ्यांचा प्रश्न. भाईंचा आग्रह 34 अंश आणि 7000 चा. मिस्त्री 30 अंशांवर थांबले आणि 6200 फेऱ्यांवर तोडणारा कट-आऊट बसवायचा म्हणाले. तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा थोडं तेल वर सोडतात, ते तेल जळलं की नॉकिंगला निमंत्रण. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा जुन्या, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट जुने. शेवटच्या आठशे फेऱ्यांत जो जोर मिळतो त्याची किंमत आता परवडणारी नाही.

भाई बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे गाडी म्हातारी झाली म्हणायची.”

“म्हातारी कशापायी? खालनं बघा कशी उचलते. वर थोडं कमी दिलं, खाली चांगलं घेतलं. आनि रोज चालवा, मोडनार न्हाई.”

ते खरं होतं. ठिणगी आपल्या वेळेवर आल्यामुळं आणि मिश्रण भरल्यामुळं गाडी मधल्या फेऱ्यांत अशी ओढत होती, की भाईंनी तीन फेऱ्या मारल्या आणि उतरायचं नाव घेईनात. वळणातून निघताना जो जोर लागतो तो इथलाच. सात हजारांचा आकडा ऐकायला छान, पण मैदानावरच्या छोट्या वळणांत तिथवर जायला जागाच नसते.

मला या सगळ्यात सांगण्यासारखं वाटलं ते एवढंच. आपण ‘पूर्वीसारखं’ करा म्हणतो, तेव्हा पूर्वीचा फक्त आकडा आपल्या लक्षात असतो. तो आकडा ज्यावर उभा होता, ते पेट्रोल, ती स्प्रिंग, तो बोअर, तो कान, यांतलं काहीच जागेवर राहिलेलं नसतं. जुळवणं म्हणजे या सगळ्यांना आज विचारणं, की तुमचं आता कसं काय? आणि जे उत्तर येईल ते वहीत लिहिणं. ज्याच्या हाती शेवटचा बोअर आहे, त्याला तर दुसरा मार्गच नाही.

मिस्त्रींनी 1998 चं पान फाडलं नाही, त्यावर काटही मारली नाही. समोरच्या कोऱ्या पानावर नवी तारीख घातली आणि लिहिलं: जेट 135, एकूण 30, फेरे 6200. खाली पुतणीची सही घेतली, कारण ऐकलं तिनं होतं.

परवा दुकानात एका तरुण गिऱ्हाइकानं भाईंना विचारलं, “चाचा, तुमची एस्टीम सात हजारांपर्यंत जायची म्हणे?”

“बासष्टशे,” भाई म्हणाले आणि त्याच्या बेअरिंगचं बिल करायला घेतलं.